गोठ्यातला पलंग : गिरणाकाठच्या एका रुग्णसाहित्य केंद्राचं प्रकरण

"पलंग नऊ शेतस. पन आठे एकबी नही."

पलंग नऊ आहेत, पण इथे एकही नाही. नानांचं हे अहिराणी वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी संस्थेचा कोणी नव्हतो, गरजू होतो. आई अंगणात घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर घरी आणायची तर डोक्याकडून वर उचलता येणारा पलंग हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गावात कोणीतरी म्हणालं, नानांकडे जा, फुकट मिळतो. गेलो. जुन्या वखारीच्या मागे पत्र्याचं एक गोदाम. आत चार कुबड्या, दोन वॉकर, एका चाकाने लंगडी झालेली खुर्ची आणि एका कोपऱ्यात प्लॅस्टिकने झाकलेली पाच ऑक्सिजन यंत्रं. पलंग एकही नव्हता. वहीत मात्र नऊ होते.

हे रुग्णसाहित्य केंद्र गिरणाकाठच्या एका तालुक्याच्या गावात पंचवीसेक वर्षांपासून चालतं. घरी पडून असलेल्या माणसाला लागणाऱ्या वस्तू हजार रुपये अनामत घेऊन द्यायच्या, गरज संपली की वस्तू परत घेऊन अनामत परत करायची. भाडं नाही. नाना निवृत्त शिक्षक, केंद्र त्यांनीच उभं केलं. संस्थेचं आणि माणसांचं नाव देत नाही, कारण यातल्या अर्ध्या चुका आमच्या घरच्या आहेत आणि गाव लहान आहे. मी बँकेतून निवृत्त होऊन गावी परतलेला. आईचा पलंग शेवटी जळगावहून भाड्याने आणला. पण त्या नऊ आणि शून्याचा मेळ काही डोक्यातून जाईना. बँकेतल्या माणसाला वहीत आहे आणि तिजोरीत नाही म्हटलं की झोप लागत नाही.

माझं पहिलं निदान सरळ होतं : लोक वस्तू दाबून ठेवतात. उपाय त्याहून सरळ : अनामत हजाराची पाच हजार करा, झक मारत परत आणतील. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, आधी जाऊन तर पाहू."

वहीप्रमाणे नऊपैकी चार पलंगांवर खरोखरच रुग्ण होते. उरलेल्या पाच घरी आम्ही माझ्या स्कूटरवर दोन दिवसांत जाऊन आलो. या प्रकरणाचा गाभा त्या दोन दिवसांत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिलं घर बारा किलोमीटरवरच्या खेड्यात. पलंग गोठ्यात, त्यावर कुट्टीची दोन पोती. घरातली बाई मजुरीला जाणारी, सासू जाऊन सात महिने झालेले. आम्हाला पाहून ती कावरीबावरी होईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "न्या भो एकदाना!" तिने दोनदा फोन केला होता, कोणी आलं नाही. स्वतः पोचवायचा तर छोटा हत्ती टेम्पो करावा लागणार, त्याचे सातशे-आठशे. शिवाय एक दिवसाची मजुरी बुडणार. म्हणजे हजाराची अनामत सोडवायला हजार रुपये खर्च. तिने पलंग दाबून ठेवला नव्हता. हिशोब मांडला होता, आणि तो माझ्यापेक्षा चोख होता. अनामत पाच हजार असती तर तिने पलंग परत आणला असता हे खरं, पण मुळात नेलाच नसता. सासू सतरंजीवर गेली असती.

दुसऱ्या घरी दोन भावांत बोलणं नव्हतं. वडील ज्या पलंगावर गेले तो कोणी उचलायचा, यावरून पलंग वरच्या माडीवर तसाच. तिसऱ्या घरी पलंग नव्हताच. दीड वर्षापूर्वी शेजारच्या गावातल्या एका लकवा झालेल्या माणसाला परस्पर देऊन टाकला होता, बैलगाडीतून नेऊन. तिकडे गेलो तर तिथूनही तो तिसऱ्या घरी गेलेला. आमच्या नकळत तो पलंग आमच्याहून चांगलं काम करत फिरत होता. चौथा मोडलेला, लाजेपोटी लपवलेला. पाचव्या घराला मात्र खरंच परत करायचा नव्हता. नातू त्यावर अभ्यास करतो म्हणाले.

पाचांत एक. माझं निदान पाचातल्या एकाला लागू होतं, आणि मी उपाय पाचांवर करायला निघालो होतो.

ग्रुपवर १४०, गोदामात दोन

मग प्रश्न माणसांचा. पलंग आणायला माणूस आणि गाडी नाही, हे खरं दुखणं. पण संस्थेचा व्हॉट्सअॅप ग्रुप १४० जणांचा होता! करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, गावातल्या तरुणांनी तो काढला होता. त्या दोन महिन्यांत या पोरांनी रात्री-अपरात्री यंत्रं पोचवली, रुग्णांच्या नातेवाइकांना डबे दिले. लाट ओसरली, ग्रुप राहिला. सकाळी सुविचार, वाढदिवसाला केक, निधन झालं की हात जोडलेले. मी संदेश टाकला : "अमुक गावाहून पलंग परत आणायचा आहे. कोण येऊ शकेल?" अकरा अंगठे आले. रविवारी सकाळी वखारीजवळ मी आणि नाना.

इथे मी दुसरी चूक केली, आणि ही पहिलीपेक्षा महागात पडली. मला वाटलं, शिस्त नाही. म्हणून 'स्वयंसेवक नोंदणी अर्ज' छापला, दोन पानी. ओळखपत्र, त्याला फोटो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक, हजेरीपट. पहिल्या बैठकीला बावीस आले, दुसऱ्या बैठकीला नऊ. तिसऱ्या बैठकीत वेल्डिंगचं दुकान असलेले जिभाऊ, जे आजवर न बोलावता येऊन खुर्च्या सांधून देत होते, उठून म्हणाले, "भाऊ, माले काम सांगा. मिटिंगमा मन्हं काय काम शे?" चौथ्या बैठकीला तेही आले नाहीत. आणि खुर्च्या सांधायलाही आले नाहीत. अर्ज भरलेला नव्हता ना, म्हणून संकोचले.

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली. तिथे कागद आधी, काम नंतर. ती सवय मी जशीच्या तशी गोदामात आणली होती.

आमच्याकडे वरण-बट्टीचा भंडारा असतो तेव्हा कोणी बैठक बोलावत नाही. पाचशे पान उठायचं असतं. गोवऱ्यांचा जाळ ज्याला कळतो तो बट्ट्यांपाशी बसतो, पोरं द्रोण-पत्रावळी घेऊन पंगतीत शिरतात, एकाच्या हातात पाण्याचा जग असतो आणि तो शेवटपर्यंत पाणीच वाढतो. कोणाला विचारावं लागत नाही, कारण प्रत्येक काम हातात मावेल एवढं आहे, दिसतं आहे आणि कधी संपणार ते माहीत आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठची जुनी फड पद्धत बघा. बंधाऱ्याचं पाणी शेकडो वर्षं गावकऱ्यांनी स्वतः वाटून घेतलं. तिथे 'सगळ्यांनी मिळून पाणी सांभाळा' असा उपदेश नव्हता. पाणी सोडायला पाटकरी होता, पिकावर नजर ठेवायला जागल्या होता, त्यांच्यावर हवालदार होता, आणि कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या कोणत्या गटात, यंदा कोणतं पीक हे ठरलेलं होतं. खानदेशी माणूस फुकट राबायला नाखूश आहे असं मला कोणी सांगू नये. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला भरलं, ते याच भागातल्या हातांनी उभं राहिलं होतं.

तर स्वयंसेवक कमी नव्हते. हातात देता येईल असं काम आमच्याकडे नव्हतं. 'केंद्राला मदत करा' हे काम होत नाही. 'मंगळवारी दुपारी तुमची गाडी अमुक फाट्यावरून रिकामी येते, तिथून एक पलंग घ्याल का' हे काम होतं.

रिकामी गाडी

ही कल्पना माझी नाही. नानांची सून खताच्या दुकानात हिशोब बघते, तिची आहे. तिने सांगितलं, खताच्या, सिमेंटच्या, किराण्याच्या गाड्या सकाळी गावातून भरून खेड्यांत जातात आणि दुपारी रिकाम्या परत येतात. उलट शेतकऱ्यांच्या गाड्या भाजी, कापूस, धान्य घेऊन भरलेल्या येतात आणि रिकाम्या घरी जातात. म्हणजे पलंग खेड्यात न्यायचा तर शेतकऱ्याची परतीची गाडी, आणि खेड्यातून आणायचा तर दुकानदाराची परतीची गाडी. दोन्हीकडे डिझेल आधीच जळतंय.

गोदामाच्या भिंतीवर आम्ही तालुक्याचे रस्ते ऑइल पेंटने काढले. पाच रस्ते. प्रत्येक रस्त्याखाली गाडीवाल्यांची नावं आणि वार. आज तिथे सतरा नावं आहेत. त्यांतले बरेच ग्रुपवर नाहीत, एकालाही ओळखपत्र नाही, आणि कोणीही आजवर बैठकीला आलेलं नाही. त्यांना वर्षातून सहा-सात वेळा फोन जातो. नाही म्हणायची पूर्ण मुभा असते, आणि नाही म्हटलं तर पुढच्या नावाला. ही मुभाच महत्त्वाची ठरली. एकदा नाही म्हणणारा माणूस पुढच्या वेळी हो म्हणतो. नाही म्हणता न येणारा माणूस फोन उचलायचं बंद करतो.

डोक्याकडून उचलता येणारा हा फावलर पलंग सुटा होतो. डोक्याकडची आणि पायाकडची चौकट निघते, मधला सांगाडा दोन माणसं उचलतात, फिरवायचा दांडा वेगळा बांधून ठेवायचा असतो. हा दांडा हरवला की पलंगाचा बाक होतो. जिभाऊंनी प्रत्येक दांडा साखळीने सांगाड्याला सांधून टाकला. त्यांच्या दुकानात जाऊन मी माफी मागितली होती, तेव्हा ते फक्त "ते जाऊ द्या, कोनता मोडेल शे ते आना" एवढंच म्हणाले.

फोन करायचं काम कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलींकडे गेलं. ही योजना १९६९ ची, गांधी जन्मशताब्दीतली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करायची, वर्षाला १२०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. बहुतेक ठिकाणी हे तास झाडलोटीत आणि प्रभातफेरीत जातात. आमच्या कार्यक्रम अधिकारी मॅडम समजूतदार होत्या. आठवड्यातले दोन तास 'फोन पाळी' म्हणून मान्य केले. ज्या घरी साहित्य गेलं आहे तिथे महिन्यातून एकदा फोन : वस्तू नीट चालते का, अजून लागते का.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. एका मुलीने उत्साहाने विचारलं, "आजी आता कशा आहेत?" आजी तीन दिवसांपूर्वी गेल्या होत्या. पलीकडचा मुलगा रडला, अलीकडे ही रडली, आणि ती पुढचे दोन आठवडे आलीच नाही. तेव्हापासून पद्धत बदलली. आधी त्या गावातल्या गाडीवाल्याला किंवा आशा कार्यकर्तीला विचारायचं, मगच घरी फोन. घरात कोणी गेलं असेल तर तेराव्यापर्यंत आमच्याकडून काहीही नाही. त्यानंतर फोन आणि पहिलं वाक्य ठरलेलं : "पलंगाची काळजी करू नका, आमची गाडी येईल." ती मुलगी परत आली. हे वाक्य तिनेच बसवलं आहे.

आणखी एक, जे शहरातल्या पुस्तकी मार्गदर्शनात सापडत नाही : हंगाम. ऑक्टोबर ते डिसेंबर कापसाची वेचणी. त्या काळात शेतकरी घरातला माणूस, बाई, शाळकरी पोर, कोणीही तुमचं नसतं. मागूही नये. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, त्यात कोणी पलंग उचलत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी पत्र्याच्या गोदामात पाय ठेवता येत नाही, म्हणून त्या महिन्यात सगळं काम सकाळी आठच्या आत. वेचणीच्या तीन महिन्यांत आम्ही निवृत्त मंडळी आणि दुकानदार यांच्यावर भागवतो.

मेलेल्या माणसांच्या सह्या

माणसं लागली, आता कागद. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते न करणाऱ्या संस्था एक दिवस अचानक बंद पडतात, म्हणून लिहितो.

संस्थेची नोंदणी दुहेरी, आपल्याकडच्या बहुतेक मंडळांसारखी : १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात. नोंदणी क्रमांक 'एफ'ने सुरू होणारा. कार्यकारी मंडळ सात जणांचं. त्यांतले तिघे वारलेले, एक मुलाकडे पुण्याला. बँकेच्या खात्यावर तीन सह्या, कोणत्याही दोन चालतील अशा. तिघांतले दोघे वारलेल्या तिघांमधलेच. म्हणजे पैसे भरता येत होते, काढता येत नव्हते. पुढे भरणंही बंद झालं आणि दोन वर्षं ग्राहकाचा एकही व्यवहार नाही म्हणून खातं निष्क्रिय. नाना अनामतीचे पैसे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. वही मात्र अशी की एखाद्या शाखाधिकाऱ्याने बघावी : तारीख, नाव, गाव, वस्तू, अनामत, परत. एक रुपयाचा फरक निघाला नाही. फक्त अनामत आणि देणगी एकाच रकान्यात होती. अनामत हे आपलं उत्पन्न नव्हे, ते लोकांचं देणं आहे. ते दोन रकाने वेगळे करताना पंचवीस वर्षांत पहिल्यांदा नानांना कळलं की संस्थेचे स्वतःचे पैसे किती कमी आहेत. दोन दिवस ते गप्प होते.

बँकेला नवीन सह्या हव्यात तर धर्मादाय कार्यालयाचा उतारा हवा, ज्यात आजच्या विश्वस्तांची नावं आहेत. उताऱ्यात नावं बदलायची तर कलम २२ खाली बदल अर्ज. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. आमच्या इतिवृत्तात दोन निवडणुका नोंदल्या होत्या, पण कळवलेली एकही नव्हती. आता नवीन मंडळ निवडायचं तर सर्वसाधारण सभा हवी, सभा घ्यायची तर सभासद हवेत, आणि सभासद कोण? १८६० च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकवलेल्याला मत देता येत नाही, त्याला सभासद म्हणून मोजतही नाहीत. वर्गणी तर कोणी कित्येक वर्षं मागितलीच नव्हती. कागदोपत्री संस्था निर्वंश झाली होती.

वाट सापडली ती जुन्या पावतीपुस्तकांत. सुरुवातीच्या वर्षांत काही जणांनी एकरकमी भरून आजीव सभासदत्व घेतलं होतं. त्यांची वर्गणी थकण्याचा प्रश्न नाही. शोधता शोधता अकरा हयात निघाले. एक सुरतला, एक नाशिकला. संस्थेच्या घटनेत सांगितलेल्या मुदतीने नोटिसा रजिस्टर पोस्टाने पाठवल्या, पोचपावत्या जपल्या, सभा घेतली. मग तीन बदल अर्ज, जुन्या दोघांसोबत विलंब माफीचे अर्ज, मृत्यूचे दाखले, नव्यांची संमतिपत्रं, प्रतिज्ञापत्रं. गावातल्या एका वकील ताईंनी फी घेतली नाही, फक्त झेरॉक्सचे पैसे घेतले. हेही स्वयंसेवाच, आणि आमच्या भिंतीवर नाव नसलेली. मंजुरी यायला वर्षाहून जास्त लागलं. त्याचा दोष मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. पंधरा वर्षांचा गुंता आम्हीच केला होता.

नव्या मंडळात जिभाऊ नाहीत. आग्रह केला, नको म्हणाले. चांगला कामाचा माणूस दिसला की त्याला विश्वस्त करून टाकायचं, ही आपल्या संस्थांची खोड आहे. त्यात कामाचा माणूस जातो आणि सही करणारा एक वाढतो. विश्वस्त म्हणून घेतली ती नानांची सून, वकील ताई आणि शाळेतले एक सर, तिघेही पन्नाशीच्या आतले. आणि ठराव केला की बँकेच्या सह्यांपैकी एक नेहमी पन्नाशीच्या आतल्याची.

मोठा पैसा

कागदांचं हे सगळं सुरू कशामुळे झालं, ते सांगायचं राहिलं. एका कंपनीच्या माणसाने सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, मदत देऊ म्हटलं होतं. त्याने मागितलेली कागदांची यादी बघूनच मी कपाटं उघडली.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक रेषा ओलांडणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. संस्थेमार्फत खर्च करायचा तर त्या संस्थेकडे १९६१ च्या आयकर कायद्याखालची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) नोंदणी हवी, त्या प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्ज भरून मिळणारा नोंदणी क्रमांक हवा. आमच्याकडे अनुभव पंचवीस वर्षांचा, बाकी शून्य. आमच्या भागातल्या डाळमिली, जिनिंग यांपैकी बरेच भागीदारीत चालतात, ते या कायद्यात येतच नाहीत. त्यामुळे 'सीएसआर आणू' हे जे प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतं, ते खानदेशातल्या लहान संस्थेने फार मनावर घेऊ नये असं माझं मत झालं आहे.

बदल अर्ज मंजूर झाल्यावर नोंदण्या एकामागून एक मिळाल्या. कंपनीशी पुन्हा बोललो. त्यांना पन्नास नव्या चाकाच्या खुर्च्या द्यायच्या होत्या, पाठीवर कंपनीचं चिन्ह रंगवून, वाटपाच्या कार्यक्रमासह. आम्हाला हवे होते हवेच्या गाद्यांचे पंप, पलंगांची दुरुस्ती आणि महिन्याला थोडं मानधन देऊन गोदामात अर्धवेळ एक माणूस. पगार-दुरुस्ती म्हणजे प्रशासकीय खर्च, त्यावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे, असं तिकडून सांगण्यात आलं. हा सार्वत्रिक गैरसमज आहे. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. काम करणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पातल्या थेट खर्चावर नाही. नियम दाखवला, मान हलली, पुढे काही झालं नाही. पन्नास खुर्च्या आम्ही घेतल्या नाहीत. ठेवायला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर तालुक्याला तेवढ्या लागतही नव्हत्या. यावरून मंडळात भांडण झालं. नाना म्हणाले, "देणाराले नही म्हनानं नसतं." मी अजूनही म्हणतो, कधी कधी म्हणावं. तो वाद मिटलेला नाही.

पैसा आला तो दुसऱ्याच वाटेने. आमच्या गावची निम्मी तरुणाई सुरतला. उधना, लिंबायत भागात गल्ल्याच्या गल्ल्या खानदेशी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची कानबाई देवी बसते, तेव्हा रोटाच्या प्रसादासाठी हे सगळे भाऊबंद झाडून गावी येतात. आम्ही त्या सोमवारी, विसर्जनाच्या आधी, गोदाम उघडं ठेवलं. भाषण नाही, बॅनर नाही. नऊ पलंगांपैकी जे होते ते मांडून, प्रत्येकावर एक कागद : हा कोणत्या कोणत्या गावी जाऊन आला. लोक स्वतःच्या आजोळचं नाव शोधत उभे राहिले. त्यातला एक जण मागे ८०जी आहे का म्हणून विचारून गेला होता. यंदा त्याला अभिमानाने सांगितलं, आली. तो म्हणाला, "काका, आता मी नव्या कररचनेत आहे, त्यात ८०जीची वजावट नाही. पण पैसे घ्या." दोन हजारांवरची रक्कम मी तरीही ऑनलाइनच घेतो, कारण त्यावरच्या रोख देणगीला ८०जी लागू होत नाही आणि उद्या कोणी जुन्या रचनेत असलाच तर पावतीवरून वाद नको. दरवर्षी ३१ मेच्या आत देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरायची असते. तेही काम आता एका बी.कॉम.च्या मुलीकडे आहे. तिला ते माझ्यापेक्षा लवकर जमलं.

ऑक्सिजन यंत्रांचं मात्र आम्ही वाटोळं केलं. पाच लिटरची पाच यंत्रं लाटेत देणगीत आलेली, नंतर झाकून ठेवलेली. या यंत्रात हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे दाणे असतात. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिलं की ओल धरून ते निकामी होतात. अधूनमधून चालवून ठेवावं लागतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पाचांतली दोन गेली. उरलेली तीन फोन पाळीतल्या मुली चालवून बघतात आणि भिंतीवर तारीख टाकतात. ज्यांनी ती दोन दिली होती त्या घरी जाऊन सांगायचं नाना अजून टाळतात.

सध्या दहा पलंग आहेत. तो भटका पलंग सापडला, आणि दोन नवे आले. मी हे लिहितो त्या दिवशी सात रुग्णांकडे, दोन गोदामात, एक जिभाऊंच्या दुकानात. नातू अभ्यास करतो तो पलंग आम्ही सोडून दिला. वहीत त्यासमोर नानांनी 'विद्यादान' असं लिहून ठेवलंय, ते लेखापरीक्षकाला काय सांगायचं ते मी बघेन.

एक गोष्ट अडून आहे. गोदामाची जागा नानांच्या चुलतभावाची. तोंडी दिलेली, पंचवीस वर्षांपूर्वी. भाऊ गेले, आता मुलगा आहे, आणि वखारीच्या मागच्या जागेला भाव आलाय. मी अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स कराराचा मसुदा करून दिला आहे. तो प्रत्येक वेळी चहा पाजतो आणि म्हणतो, "काका, आपलाच घरना मानसं शेतस, घाई कसानी?" नानाही तेच म्हणतात. मसुदा माझ्या पिशवीत आहे, आणि कानबाईला तो मुलगा सुरतहून येणार आहे.